पोटात अचानक दुखू लागलं तर : सीटी स्कॅन कधी, कशासाठी आणि कधी नको

मी रेडिओलॉजिस्ट आहे. बरीच वर्षं हैदराबादमध्ये काम करते. माझं काम म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून लोकांच्या शरीराचे काप बघायचे आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगायचं, की आत काय चाललंय.

२०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'एचआरसीटी' आणि 'स्कोअर' हे शब्द घराघरांत पोहोचले. तेव्हापासून सीटी स्कॅनबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, 'डॉक्टर, उगाच वेळ कशाला, स्कॅनच करून टाका.' दुसरं, 'स्कॅन नको हो, त्यानं कॅन्सर होतो म्हणे.' पोटदुखीच्या बाबतीत ही दोन्ही वाक्यं कधी बरोबर असतात, कधी जिवावर बेतणारी असतात. कुठलं वाक्य कधी लागू पडतं ते आज पाहू. विषय मोठ्या माणसांचा आहे. लहान मुलांचे नियम वेगळे, त्यात मी आज शिरणार नाही.

पोट फसवतं कसं?

बोट कापलं तर नेमकं कुठं कापलं ते डोळे मिटूनही सांगता येतं. पोटातल्या अवयवांचं तसं नसतं. आतडं, अपेंडिक्स, पित्ताशय यांच्या संवेदना मज्जातंतूंच्या अशा वाटांनी वर जातात, की मेंदूला जागा नीट कळत नाही. म्हणून सुरुवातीला दुखणं 'कुठंतरी मध्ये' असतं. अपेंडिक्स सुजलं की पहिले काही तास बेंबीभोवती दुखतं. मग सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. त्या अस्तराच्या संवेदना मात्र त्वचेसारख्या नेमक्या असतात. त्यामुळे दुखणं 'सरकून' उजवीकडे खाली येतं. हे सरकणं निदानाचा मोठा पुरावा असतं. आपल्याकडे त्यालाच कधी 'बेंबी सरकली' म्हणतात आणि पोट चोळून घ्यायला नेतात. कृपा करून असं करू नका.

दुसरी फसवणूक अशी, की एकाच जागी दुखण्याची कारणं पाच-दहा असतात. उजवीकडे खाली दुखलं तर अपेंडिक्स असेल, मूत्रवाहिनीतला खडा असेल, बाईमाणसाच्या बाबतीत बीजांडाला पडलेला पीळ असेल किंवा गर्भनलिकेत राहिलेला गर्भ असेल. आपल्या देशात लहान आणि मोठं आतडं जिथं मिळतं तिथला क्षयही असू शकतो. हात लावून, रक्त तपासून अनुभवी सर्जन बरंच ओळखतात. तरी पूर्वी अपेंडिक्सचं ऑपरेशन केल्यावर साधारण पाचातल्या एकाचं अपेंडिक्स चांगलं निघायचं. 'फुटू देण्यापेक्षा चांगलं काढलेलं बरं' असं तेव्हा मानत, आणि त्या काळात ते बरोबरही होतं. दुसरं साधनच नव्हतं.

स्कॅनमध्ये दिसतं काय?

हे साधन दिलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं. ते ईएमआय कंपनीत होते. हो, तीच रेकॉर्ड काढणारी कंपनी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. पोटाचे स्कॅन थोडे नंतर आले, कारण पोट हलतं. श्वास चालू असतो, आतडं वळवळत असतं, आणि सुरुवातीच्या यंत्रांना एकेका कापाला मिनिटं लागत. आज अख्खं पोट एका श्वासात, काही सेकंदांत टिपलं जातं.

यंत्र क्ष-किरण चारी बाजूंनी टाकतं आणि प्रत्येक बारीक ठिपक्याला घनतेचा आकडा देतं. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबीला साधारण उणे १००, हाडाला काही शेकडे अधिक. या आकड्यांना हाउन्सफील्डचंच नाव आहे. पोटाच्या दुखण्यात याचा उपयोग असा, की जिथं हवा नसावी तिथं हवेचा एक बुडबुडा असला तरी तो काळाकुट्ट उठून दिसतो. आणि चरबी, जिला आपण नावं ठेवतो, ती इथं मदतीला येते. अवयव सुजला की त्याच्या भोवतीची स्वच्छ काळी चरबी धुरकट होते. आम्ही आधी तो धूर शोधतो, मग आग कुठं आहे ते पाहतो.

जिथं स्कॅन खरोखर निकाल लावतो

पहिलं, अपेंडिक्स. मोठ्या माणसात सीटी शंभरातल्या पंचाण्णवच्या आसपास अपेंडिसायटिस पकडतो. पण 'आहे की नाही' एवढंच तो सांगत नाही. फुटलंय का, पू साठलाय का, अपेंडिक्सच्या तोंडाशी कडक खडा आहे का, हेही सांगतो. हे महत्त्वाचं आहे, कारण आता काही रुग्णांना ऑपरेशनऐवजी प्रतिजैविकं देऊन पाहतात. अमेरिकेत १,५५२ रुग्णांवर झालेल्या, २०२० साली छापलेल्या अभ्यासात औषधं दिलेल्यांपैकी दहातल्या साधारण तिघांना तीन महिन्यांत ऑपरेशन लागलंच. ज्यांच्या स्कॅनमध्ये खडा होता त्यांच्यात हे प्रमाण दहात चार होतं. म्हणजे औषध की ऑपरेशन ही चर्चा करायलाही आधी चित्र लागतं.

दुसरं, जठराला किंवा आतड्याला पडलेलं भोक. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाणारे किती जण आपल्या घरात असतात! अल्सर होतो, आणि एके दिवशी तो फुटतो. सुरी खुपसल्यासारखं दुखतं, पोट फळीसारखं कडक होतं, माणूस हलायला तयार नसतो. उभ्यानं काढलेल्या छातीच्या एक्स-रेत पडद्याखाली हवा दिसली तर बऱ्याचदा सर्जन तेवढ्यावर पुढं जातात. पण एक्स-रेत हवा दिसली नाही म्हणजे भोक नाही, असं नसतं. थोडीशी हवा स्कॅनमध्येच सापडते, आणि भोक साधारण कुठं असेल त्याचाही अंदाज येतो. विषमज्वरात लहान आतड्याला पडणारं भोकही असंच.

तिसरं, आतड्याचा मार्ग बंद होणं. पोट फुगतं, उलट्या होतात, वारा सरत नाही, शौचाला होत नाही. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर आत चिकटलेले पट्टे हे नेहमीचं कारण. जांघेतला हर्निया अडकणं हे दुसरं, आणि लाजेपायी ते लपवलं जातं. क्षय आणि कर्करोग ही आणखी दोन. स्कॅन दाखवतो, की फुगलेलं आतडं नेमकं कुठं संपतं आणि चपटं कुठून सुरू होतं. त्या जागी कारण बसलेलं असतं. त्याहून मोठा प्रश्न असतो, आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत आहे का. असेल तर नाकातून नळी घालून, सलाइन लावून वाट पाहता येते. नसेल तर घड्याळ सुरू झालेलं असतं.

चौथं मी मुद्दाम सावकाश सांगणार आहे. आतड्याला रक्त नेणारी धमनी अचानक बंद पडणं. हृदयविकाराच्या झटक्यासारखाच हा आतड्याचा झटका. साधारणपणे साठीपुढचा माणूस, नाडी अनियमित, हृदयात गुठळी झालेली, आणि ती वाहत येऊन आतड्याच्या धमनीत अडकलेली. लक्षण विचित्र असतं. माणूस दुखण्यानं ओरडतोय, पण डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तर मऊ. घरचे म्हणतात, 'बाबा जरा जास्तच करतात.' नाही. दुखणं भयंकर आणि पोट मऊ, हे दोन्ही एकत्र आलं तर तेच धोक्याचं चिन्ह आहे. पोट कडक होतं तोवर आतडं मेलेलं असतं. या आजारात निम्म्याहून जास्त रुग्ण दगावतात, आणि उशीर हे त्याचं एक मोठं कारण आहे. इथं साधा स्कॅन चालत नाही. शिरेतून औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, देऊन धमन्यांचा स्कॅन करावा लागतो, कारण औषधाशिवाय बंद धमनी आणि चालू धमनी जवळपास सारखीच दिसतात. 'किडनीला त्रास होईल, डाय नको' असा हट्ट घरच्यांनी अशा वेळी धरला तर किडनी वाचेल, माणूस वाचणार नाही.

जिथं आधी सोनोग्राफी

आता दुसरी बाजू. प्रत्येक पोटदुखीला स्कॅन लागत नाही. उजवीकडे बरगडीखाली, तेलकट जेवणानंतर दुखतंय, पाठीत किंवा खांद्यात जातंय, तर पित्ताशय. तिथं सोनोग्राफी पहिली आणि बहुधा पुरेशी. पित्ताशयातले कितीतरी खडे सीटीत दिसतच नाहीत, कारण त्यांची घनता भोवतालच्या पित्तासारखीच असते. सोनोग्राफीत ते लख्ख दिसतात. महाग तपासणी म्हणजे चांगली तपासणी, हा गैरसमज इथं मोडतो.

बायकांच्या ओटीपोटाच्या दुखण्यात सोनोग्राफीच आधी. आणि त्याच्याही आधी, बाळंत होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची लघवीची गर्भ-चाचणी. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. गर्भनलिकेतला गर्भ फुटला तर तासाभरात रक्त वाहून जाऊ शकतं. सासूबाई बाहेर बसल्यात म्हणून पाळीची तारीख खोटी सांगू नका. डॉक्टरांना एकट्यानं भेटायचं आहे असं सरळ म्हणा.

मूतखड्याचं पाहू. कंबरेतून जांघेत येणारी कळ, माणूस तळमळतो, एका जागी बसत नाही. पोटाच्या अस्तराला सूज आलेला माणूस निपचित पडतो, खडेवाला येरझारा घालतो. हा फरक जुने डॉक्टर दारातूनच ओळखत. खड्यासाठी औषधाशिवायचा, कमी किरणांचा सीटी फार अचूक असतो. तरीही २०१४ साली अमेरिकेतल्या १५ आपत्कालीन विभागांत, २,७५९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की सोनोग्राफीनं सुरुवात केलेल्यांचं गंभीर नुकसान जास्त झालं नाही, किरण मात्र कमी लागले.

नेदरलँड्समध्ये तर सरसकट सगळ्या तातडीच्या पोटदुखीवर असाच अभ्यास झाला. तो २००९ साली छापून आला. १,०२१ रुग्ण होते. सगळ्यांची आधी सोनोग्राफी, आणि त्यात काही सापडलं नाही किंवा शंका राहिली तरच सीटी, ही पद्धत सगळ्यांत चांगली ठरली. तातडीचे आजार शंभरात सहाच सुटले, आणि सीटी निम्म्याच लोकांना लागला असता. आपल्यासारख्या देशात, जिथं सोनोग्राफीचं यंत्र तालुक्याला आहे आणि स्कॅन जिल्ह्याला, तिथं ही पद्धत फार उपयोगाची आहे. फक्त एक लक्षात ठेवा. माणूस अत्यवस्थ असेल, म्हातारा असेल, रक्तपुरवठ्याची शंका असेल, तर सोनोग्राफीच्या रांगेत वेळ घालवू नये. सरळ स्कॅन.

स्कॅनला न दिसणारी पोटदुखी

काही पोटदुखी पोटात नसतेच. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका 'ॲसिडिटी' म्हणून येतो. म्हणून छातीच्या खाली, वरच्या पोटात दुखत असेल तर आधी ईसीजी. तो होतो पाच मिनिटांत. मधुमेहाची साखर खूप वाढून रक्तात आम्ल साठलं तरी पोट दुखतं, उलट्या होतात. फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया पोटात दुखतो. नागीण उठायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं दुखतं.

स्वादुपिंडाची सूज तर लक्षणं आणि रक्ताची तपासणी यांवरच ओळखता येते. निदान पक्कं असेल तर पहिल्या दिवशी स्कॅन करून फारसं हाती लागत नाही. स्वादुपिंडाचा किती भाग मेलाय ते साधारण तीन दिवसांनंतर नीट दिसतं. तेव्हा 'एवढं दुखतंय आणि अजून स्कॅन नाही?' असं म्हणून डॉक्टरांवर चिडण्याआधी कारण विचारा.

दुखणं सांगायचं कोणत्या भाषेत?

हा भाग माझ्या मनाजवळचा आहे, आणि घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी खास आहे. माझ्यासमोर स्कॅनचा कागद येतो. त्यावर कारणाच्या जागी अनेकदा दोनच शब्द असतात : 'पेन ॲब्डोमेन'. पोट दुखतंय म्हणून स्कॅन, हे तर मलाही कळतं! कधीपासून, कुठून सुरू झालं, काय शंका आहे, हे लिहिलेलं असेल तर मी त्या जागी दहा वेळा बघते, स्कॅनची पद्धतही त्याप्रमाणे ठरवते. धमनीची शंका लिहिली नसेल तर धमनीचा स्कॅन होतच नाही.

आता विचार करा. मुलाकडे बंगळुरूला आलेली साताऱ्याची आई. तिच्याकडे दुखण्याचे किती शब्द आहेत! कळ येते, मुरडा पडतो, ठणका लागतो, जळजळतं, चमक मारते, डचमळतं, पोट तडस लागल्यासारखं होतं. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. कळ म्हणजे येते आणि जाते, तिथं एखादी नळी अडकलेली असते. ठणका म्हणजे सूज किंवा पू. आणि हे सगळं मुलाच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत जातं तेव्हा उरतं 'होट्टे नोवु'. आमच्या हैदराबादेत 'कडुपु नोप्पी'. हिंदीत 'पेट में दर्द'. अर्धं निदान भाषांतरात सांडलं.

म्हणून भाषांतर करणाऱ्या मुलासुनेनं एवढ्या गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. दुखणं किती वाजता सुरू झालं, झटक्यात की हळूहळू. सुरुवातीला कुठं होतं, आता कुठं आहे. सलग आहे की कळा येतात. उलटी, ताप, शौच, वारा, लघवी यांचं काय. पूर्वीची ऑपरेशनं, अगदी तीस वर्षांपूर्वीचं कुटुंबनियोजनाचंसुद्धा. रोजच्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, वेदनाशामक, मधुमेहाच्या आणि स्टेरॉइड. आणि कसली ॲलर्जी असेल तर ती. आईनं वापरलेला शब्द तसाच सांगा, मग त्याचा अर्थ समजावा. जुने स्कॅन असतील तर नुसता रिपोर्ट नको, सीडीही न्या. जुन्या चित्राशी ताडून पाहता आलं, की कितीदा पुढचा स्कॅन टळतो.

म्हाताऱ्या माणसांबद्दल आणखी एक. वय झालं की ताप येत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, पोट कडक होत नाही, आणि आत अपेंडिक्स फुटलेलं असतं. मधुमेह किंवा स्टेरॉइड असेल तर तसंच. तरुणात ज्या दुखण्याला 'थांबून पाहू' म्हणता येतं, त्याच दुखण्याला साठीपुढे स्कॅनचा उंबरठा खाली आणावा लागतो. हे डॉक्टरांचं कारण असतं, बिल वाढवण्याचं निमित्त नव्हे.

औषध आणि किरण

कॉन्ट्रास्टबद्दल थोडक्यात. शिरेतून जातं तेव्हा अंग गरम होतं, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. घाबरू नका, मिनिटात जातं. गंभीर ॲलर्जी दहा हजारांत काही जणांनाच होते, आणि तिच्या उपचाराची तयारी खोलीत असते. कोकणातले लोक हमखास विचारतात, 'कोळंबीची ॲलर्जी आहे, चालेल का?' चालेल. कोळंबीच्या ॲलर्जीचा आणि या औषधाचा खास संबंध नाही. पूर्वी याच औषधाची ॲलर्जी झाली असेल तर मात्र जरूर सांगा. किडनीची भीती आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. जिचं काम आधीच फार मंदावलंय अशा किडनीला जपावं लागतं. मेटफॉर्मिन घेत असाल तर सांगा, ती थांबवायची की नाही हे किडनी पाहून ठरतं. तोंडाने लिटरभर औषध प्यायला लावून तासभर थांबवणं आता तातडीच्या बहुतेक स्कॅनला लागत नाही.

किरणांचा हिशोब असा. पोटाच्या एका स्कॅनला साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरण लागतात. जमीन, हवा, आकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक स्कॅन म्हणजे तीन-चार वर्षांचे नैसर्गिक किरण एकदम. त्यातून पुढे जीवघेणा कर्करोग होण्याची वाढीव शक्यता १० मिलिसिव्हर्टला साधारण दोन हजारांत एक, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा अंदाज आहे. फुटलेलं अपेंडिक्स किंवा मेलेलं आतडं समोर असेल तर हा धोका नगण्य. पण पंचविशीच्या मुलीला दर महिन्याला तीच पोटदुखी आणि दर वेळी नवा स्कॅन, हा हिशोब चुकीचा. तरुणांसाठी कमी किरणांचा स्कॅनही असतो. दक्षिण कोरियात २०१२ साली छापलेल्या अभ्यासात, कमी किरण वापरूनही विनाकारण अपेंडिक्स काढण्याचं प्रमाण जवळजवळ तेवढंच राहिलं : ३.५ टक्के, नेहमीच्या स्कॅनमध्ये ३.२. आपल्याकडे सीटीच्या यंत्राला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि एक प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे जरूर विचारा : 'या स्कॅनमुळे उपचार बदलणार आहे का?' चांगले डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाहीत. उत्तर 'हो' असेल तर एक मिनिट दवडू नका.

प्रेक्षकांचे प्रश्न

जबलपूरहून विचारलंय : *दुखणं दबलं तर निदान चुकेल, म्हणून तपासणीआधी इंजेक्शन देत नाहीत, हे खरं का?*

ही जुनी शिकवण होती. नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की दवाखान्यात योग्य वेदनाशामक दिल्यानं निदान चुकत नाही. उलट रुग्ण शांत झाला की नीट तपासता येतं. पण हे दवाखान्यातलं झालं. घरी गोळ्यांवर गोळ्या घेऊन रात्र काढणं वेगळं. आणि दुखऱ्या पोटावर एरंडेल किंवा जुलाब तर मुळीच देऊ नका. मार्ग बंद असेल किंवा अपेंडिक्स सुजलं असेल तर त्यानं घात होतो.

सुरतेहून : *स्कॅन नॉर्मल आला, तरी दुखतंय. मग पैसे वाया गेले का?*

नाही. मोठे धोके बऱ्याच अंशी बाजूला पडले, हीच त्या पैशांची कमाई. पण नॉर्मल स्कॅन म्हणजे दुखणं खोटं, असंही नाही. फार लवकर केलेल्या स्कॅनमध्ये आजार दिसायचा असू शकतो. म्हणून दुखणं वाढलं, ताप आला, उलट्या सुरू झाल्या तर परत या. काही तासांनी तेच पोट पुन्हा हातानं तपासणं, याची जागा अजून कुठल्याही यंत्रानं घेतलेली नाही.

बेळगावहून : *रिपोर्टमध्ये किडनीत 'सिस्ट' लिहिलंय. दुखणं त्याचंच का?*

बहुधा नाही. वय वाढलं की किडनीत पाण्याच्या साध्या गाठी अनेकांना असतात, केस पांढरे होतात तशा. स्कॅन सगळंच दाखवतो, न विचारलेलंही. रिपोर्टच्या शेवटी 'इम्प्रेशन' म्हणून भाग असतो, तो आधी वाचा. बाकीच्या ओळी घेऊन इंटरनेटवर बसू नका, डॉक्टरांसमोर बसा.

आणखी एक : *गरोदर बाईला काय करतात?*

आधी सोनोग्राफी, मग सोय असेल तिथं एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात. पण आईचा जीव धोक्यात असेल आणि दुसरा मार्ग नसेल तर सीटीही करतात. आई वाचली तर बाळ वाचतं.

जाता जाता

ओवा, हिंग, गरम पाण्याची पिशवी यांना माझा विरोध नाही. गॅसचं पोट त्यानं बरं होतं. पण काही वेळा घरी थांबायचं नसतं. झटक्यात आलेलं भयंकर दुखणं. कडक झालेलं पोट. उलट्या चालू आणि वारा बंद. चक्कर, घाम, काळी शौच किंवा रक्ताची उलटी. दुखण्याबरोबर थंडीताप आणि पिवळे डोळे. गरोदरपण. साठीनंतर पहिल्यांदाच आलेलं असं दुखणं. आणि जुन्या सर्जनांचा एक ठोकताळा : चांगल्या धडधाकट माणसाचं पोट सलग सहा तास जोरात दुखत राहिलं तर ते ऑपरेशनचं असू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. परगावी असाल, आयुष्मान कार्ड असेल तर तेही बरोबर घ्या. ते दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालू शकतं.

माझं हे बोलणं तुमच्या डॉक्टरांच्या जागी वापरू नका. त्यांच्याशी नीट बोलता यावं, एवढ्यासाठी वापरा. दुखणं ज्याचं आहे त्याला त्याच्या शब्दांत बोलू द्या, ते शब्द डॉक्टरांपर्यंत पोहोचवा, म्हणजे स्कॅन करायचा की नाही आणि कोणता करायचा, हे ठरवणं सोपं होईल. पोट सांभाळा, मंडळी.